टेस्ट टर्मिनलवरून चालवायच्या तर शून्याला अर्थ हवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगावात चार-पाच जणांची टीम आहे. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी व्यापाऱ्यांसाठी बिलं, हमाली-तोलाई आणि उधारीचं सॉफ्टवेअर त्यांनी पायथनमध्ये लिहिलंय. प्रोग्राम बरोबर चालतोय का हे आपोआप तपासणाऱ्या आठशेच्या आसपास टेस्ट आहेत. एडिटरमधलं हिरवं बटण दाबलं की सगळ्या पास होतात, टर्मिनलवरून चालवल्या की ‘मॉड्यूल सापडत नाही’ म्हणून अडतात. ऑफिसातल्या लिनक्स मशीनवर रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या सोयीने) लावल्या, तर कधी पास होतात, कधी फेल. रात्री लाइट गेली तर सकाळी हाती काहीच लागत नाही. हे मार्गी कसं लावायचं?

दुखणी तीन दिसतात, मूळ एकच आहे. टेस्ट कोणत्या परिस्थितीत चालते हे सगळ्यांनी गृहीत धरलंय, कुठे लिहून ठेवलेलं नाही. एडिटर ती परिस्थिती तुमच्या नकळत उभी करतो, टर्मिनल करत नाही. तेव्हा गाठायचं ते हे: कुठल्याही मशीनवर एकच कमांड द्यायची, आणि कमांडने संपताना दिलेला आकडा शून्य असला तर ज्या टेस्ट चालायला हव्या होत्या त्या सगळ्या खरोखर चालल्या आणि पास झाल्या, याची खात्री असायची. खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

बटण काय लपवतं

हिरवं बटण चार गोष्टी परस्पर ठरवतं: पायथन कोणता, चालू फोल्डर कोणतं, मॉड्यूल शोधायचा रस्ता कोणता आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंग) कोणती. टर्मिनलमध्ये नुसतं ‘पायटेस्ट’ (पायथनच्या टेस्ट चालवणारं साधन) लिहिलंत तर पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, जो पायटेस्ट आधी सापडेल तो चालतो. तो तुमच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधलाच (प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या पायथनमधलाच) असेल असं नाही, सिस्टिमचाही असू शकतो. म्हणून ‘पायथन -एम पायटेस्ट’ असं चालवायची सवय लावा. त्याने दोन गोष्टी साधतात. ज्या पायथनने प्रोग्राम चालतो त्याच पायथनचा पायटेस्ट वापरला जातो, आणि चालू फोल्डर मॉड्यूल शोधण्याच्या यादीत जोडलं जातं. नुसत्या ‘पायटेस्ट’ने हे दुसरं काम होत नाही. तुमची ‘मॉड्यूल सापडत नाही’ची तक्रार बहुधा इथेच आहे.

तरी हा उपाय अर्धाच म्हणायचा, कारण कुणी दुसऱ्या फोल्डरमधून कमांड दिली की पुन्हा तेच. पक्कं करायचं तर प्रोजेक्टला पॅकेजचं रूप द्या आणि ‘पिप इन्स्टॉल -ई .’ने एडिटेबल पद्धतीने बसवा. तेवढं आत्ता जमणार नसेल तर पायटेस्ट ७.० पासून सेटिंगच्या फाइलमध्ये ‘पायथनपाथ’ ही ओळ चालते, तिथे सोर्सचं फोल्डर द्या. त्याच फाइलमध्ये ‘टेस्टपाथ्स’ही लिहा, म्हणजे पायटेस्ट सगळं झाड धुंडाळत बसणार नाही. चालवल्यावर वरच्या दोन-तीन ओळी वाचायला विसरू नका. पायथनचं व्हर्जन, ‘रूटडिर’ (प्रोजेक्टचं मूळ फोल्डर) आणि कोणती सेटिंग फाइल उचलली, हे तिथेच छापलेलं असतं. रूटडिर चुकलेलं असेल तर तुमची सेटिंग वाचलीच गेलेली नाही, पुढचं काही शोधण्यात अर्थ नाही.

एडिटरच्या रन कॉन्फिगरेशनमध्ये कुणी डेटाबेसचा पत्ता किंवा एखादी की भरून ठेवलेली असते, तीही टर्मिनलला माहीत नसते. अशी व्हेरिएबल टेस्टच्या मुख्य फिक्श्चरमध्ये (टेस्टआधीची तयारी करणाऱ्या फंक्शनमध्ये) स्पष्ट तपासा आणि नसेल तर तिथेच थांबा. ‘टेस्ट डेटाबेसचा पत्ता दिलेला नाही’ एवढा एक संदेश दोनशे वेड्यावाकड्या एररपेक्षा बरा.

एक्झिट कोड

हा भाग नीट समजून घ्या, बाकी सगळं यावर उभं आहे. कमांड संपली की ती शेलला (टर्मिनलमध्ये कमांड घेऊन चालवणाऱ्या प्रोग्रामला) एक आकडा देते, तोच एक्झिट कोड. पायटेस्टचे सहा आकडे ठरलेले आहेत. ० म्हणजे सगळ्या पास. १ म्हणजे टेस्ट चालल्या, काही फेल. २ म्हणजे मध्येच थांबवलं. कंट्रोल-सीने थांबवलं तरी २, आणि टेस्ट गोळा करतानाच एखादी फाइल इम्पोर्ट झाली नाही तरी २. ३ म्हणजे पायटेस्टच्या आतच गडबड. ४ म्हणजे कमांड चुकली: ऑप्शनचं स्पेलिंग चुकलं किंवा दिलेली फाइल नाहीच. ५ म्हणजे एकही टेस्ट चालायला मिळाली नाही.

५ला हलकं समजू नका. कुणी फोल्डरचं नाव बदललं, कुणी मार्कर (टेस्टला लावलेलं लेबल) बदलला, आणि रोज रात्री शून्य टेस्ट चालतायत, असं सहज होतं. पायटेस्ट इथे एरर देतो हे चांगलंच आहे. पण स्क्रिप्टमध्ये कुणीतरी ‘५ आला तर चालेल’ असं लिहून ठेवलेलं असतं. ते काढा.

१२६, १२७, १३७ असे मोठे आकडे शेलकडून येतात. १२७ म्हणजे कमांडच सापडली नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवायची परवानगी नाही. १२८च्या पुढचा आकडा आला तर त्यातून १२८ वजा करा, उरेल तो सिग्नलचा (प्रोसेसला बाहेरून मिळालेल्या सूचनेचा) नंबर. १३७ म्हणजे ९ नंबरचा सिग्नल, बहुतेक वेळा मेमरी संपली म्हणून कर्नलने प्रोसेस मारलेली. १३९ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट. पायथनमध्ये तो आला तर सी मध्ये लिहिलेल्या एखाद्या लायब्ररीकडे बघा. १४३ म्हणजे कुणीतरी सभ्यपणे थांबायला सांगितलं.

आता सगळ्यात जास्त घात करणारी जागा: पाइप, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारी उभी रेघ. लॉग ठेवायचा म्हणून ‘पायथन -एम पायटेस्ट | टी लॉग.टेक्स्ट’ असं लिहिलं जातं. शेल पाइपच्या शेवटच्या कमांडचा आकडा देतो, म्हणजे ‘टी’चा (ही आउटपुट स्क्रीनवर दाखवत फाइलमध्येही लिहिणारी कमांड). ‘टी’ने फाइल लिहिली की तो शून्य देऊन मोकळा. पन्नास टेस्ट फेल झाल्या तरी शून्यच. बॅश या शेलमध्ये स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहा, मग पाइपमधल्या कुठल्याही कमांडचं अपयश वर येतं. त्यासाठी स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश स्पष्ट मागा. उबुंटू-डेबियनवर क्रॉन ‘एसएच’ वापरतो, तो तिथे डॅश नावाचा शेल असतो, आणि डॅशच्या जुन्या व्हर्जनना पाइपफेल कळत नाही.

तशीच दुसरी जागा: टेस्टच्या ओळीनंतर ‘एको झालं’ किंवा फाइल कॉपी करण्याची ओळ. स्क्रिप्टचा आकडा शेवटच्या ओळीचा असतो. म्हणून टेस्टचा आकडा लगेच एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, बाकी आवराआवर करा आणि शेवटी तोच आकडा देऊन बाहेर पडा.

विंडोजवर बॅच फाइलमध्ये वेगळीच अडचण येते. एका बॅच फाइलमधून दुसरी बॅच किंवा सीएमडी फाइल ‘कॉल’ न लिहिता चालवली तर ताबा परत येतच नाही, पुढच्या ओळी चालत नाहीत. एनपीएम (जावास्क्रिप्टचं पॅकेज साधन) ही तिथे सीएमडी फाइल असते, त्यामुळे ‘एनपीएम टेस्ट’नंतरच्या सगळ्या ओळी मुकाट्याने गळतात. ‘कॉल एनपीएम टेस्ट’ लिहा.

आणि शून्य आला तरी शेवटची ओळ वाचा. स्किप केलेल्या टेस्ट फेल धरल्या जात नाहीत. डेटाबेस मिळाला नाही तर टेस्ट स्किप करायची, असं कुणी लिहिलं असेल तर डेटाबेस बंद असलेल्या रात्री सहाशे स्किप, दोनशे पास आणि एक्झिट कोड शून्य. ‘-आरएस’ दिलं की स्किपची कारणं शेवटी छापली जातात. रात्रीच्या रनमध्ये ते कायम ठेवा. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर स्किप ठीक आहे, रात्रीच्या मशीनवर डेटाबेस नसणं हे फेलच मानलं पाहिजे.

हवी तेवढीच टेस्ट चालवणं

यात फार खोल काही नाही, पण रोज वेळ वाचतो. ‘-एक्स’ पहिल्या फेलला थांबतो, ‘--मॅक्सफेल=३’ तिसऱ्याला. ‘-के’ नावावरून निवडतो, त्यात ‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’ चालतात. ‘-एम’ मार्करवरून निवडतो. एकच टेस्ट हवी तर फाइलचं नाव, दोन कोलन, फंक्शनचं नाव. ‘--एलएफ’ मागच्या वेळी फेल झालेल्याच चालवतो. मागे काही फेल नसेल तर सगळ्या चालवतो, त्याने गोंधळू नका. कोणत्या टेस्ट निवडल्या जातायत हे न चालवता बघायचं तर ‘--कलेक्ट-ओन्ली -क्यू’.

मार्कर वापरत असाल तर ‘--स्ट्रिक्ट-मार्कर्स’ सेटिंगमध्ये टाकाच. नाहीतर ‘स्लो’च्या जागी कुणी ‘सलो’ लिहिलं तरी नुसती वॉर्निंग येते, आणि ती टेस्ट चुकीच्या टोपलीत जाते.

अवतरणचिन्हांनी बरेच जण अडतात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एकेरी अवतरण चालत नाही, दुहेरी लागतं. झेडशेल या दुसऱ्या शेलमध्ये पॅरामीटरच्या चौकटी कंसासकट टेस्टचं नाव दिलं तर शेल त्याला फाइलचा पॅटर्न समजतो आणि जुळणी नाही म्हणतो. सगळं नाव दुहेरी अवतरणात घाला, सगळीकडे चालेल.

दिवसा पास, रात्री फेल

‘कधी पास, कधी फेल’ यात योगायोग नसतो, न पकडलेलं एखादं इनपुट असतं. तुमच्या बाबतीत सगळ्यात आधी घड्याळाकडे बघा. भारतीय वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे आहे. मशीन किंवा डेटाबेस यूटीसीवर असेल, तर आपल्या रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळात तिथे आदल्या दिवसाची तारीख असते. दिवसा ऑफिसात चालवलेल्या टेस्टला हे कधीच दिसणार नाही, आणि क्रॉन नेमका रात्री २ वाजता लावलेला. बिलाची तारीख भारतीय वेळेने काढली, उधारीची मुदत यूटीसीने मोजली, की एक दिवसाचा फरक येतो. महिनाअखेरीला तो महिन्याचा होतो आणि ३१ मार्चच्या रात्री आर्थिक वर्षाचा. बिलाची क्रमांक-मालिकाच बदलते. ही टेस्टची खोड समजून सोडू नका. रात्री पावणेएकला ट्रक भरून बिल करणाऱ्या व्यापाऱ्याला हीच चूक प्रत्यक्ष भेटणार आहे.

तपासायला लिनक्सवर कमांडच्या आधी ‘टीझेड=यूटीसी’ आणि मग ‘टीझेड=एशिया/कोलकाता’ लावून दोनदा चालवा. निकाल वेगळा आला तर चोर सापडला. मात्र पहाटे साडेपाचनंतर दिवसभर दोन्हीकडे तारीख एकच असते, म्हणून नुसता झोन बदलून भागत नाही, वेळही ताब्यात हवी. कोडमध्ये ठिकठिकाणी ‘आत्ता किती वाजले’ असं सिस्टिमला विचारू नका. वेळ देणारं एकच फंक्शन ठेवा आणि टेस्टमध्ये त्याला ठरावीक वेळ द्या. मग ३१ मार्च रात्री ११:५९ आणि १ एप्रिल ००:०१ या दोन वेळांची टेस्ट भर दुपारीही लिहिता येते.

दुसरा संशयित म्हणजे क्रम. एका टेस्टने व्यापारी तयार केला, दुसरी त्याच्याच भरवशावर. एकटी चालवली की फेल, सगळ्यांबरोबर पास, किंवा उलट. ‘पायटेस्ट-रँडमली’ हे प्लगइन क्रम पिंजून देतं आणि वर सीड (तो क्रम ठरवणारा आकडा) छापतं. फेल झाली तर तोच सीड ‘--रँडमली-सीड’ने देऊन तोच क्रम पुन्हा मिळतो. सुरुवातीला बरंच पडेल, घाबरू नका. जे पडलं ते आधीपासूनच परस्परांना टेकून उभं होतं. पायथनमधल्या सेटचा क्रमही स्ट्रिंगसाठी दर रनला बदलू शकतो. छापील यादीची तुलना करताना आधी सॉर्ट करा.

तिसरा संशयित वेग. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. एसी नसलेल्या खोलीत लॅपटॉपचा प्रोसेसर तापून स्वतःचा वेग उतरवतो, आणि ‘दोन सेकंद थांब, मग बघ’ अशा टेस्ट पडू लागतात. उपाय म्हणून दोनाचे पाच सेकंद करू नका. सूट (सगळ्या टेस्टचा संच) लांबेल आणि दुखणं राहील. ठरावीक वेळ झोपण्याऐवजी अट पूर्ण होईपर्यंत दर दशांश सेकंदाला बघत राहायचं आणि वरची मर्यादा सढळ, म्हणजे ३० सेकंद ठेवायची. अट लवकर पूर्ण झाली तर टेस्टही लवकर संपते.

फेल झालेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवणारं प्लगइन आहे, ‘--रीरन्स २’ असं दिलं की झालं. माझं मत त्याच्या विरोधात आहे. दोन वेळा पडून तिसऱ्यांदा उभी राहिलेली टेस्ट हिरवी दिसते आणि वर सांगितलेली तारखेची चूक अशीच झाकली जाते. ब्राउझरच्या मोजक्या टेस्टपुरतं मार्कर लावून वापरा, हिशेबाच्या टेस्टना मुळीच नको.

एकाच वेळी अनेक

आठशे टेस्टना वेळ लागत असेल तर आधी ‘--ड्युरेशन्स=१०’ देऊन सगळ्यात हळू दहा बघा. बहुतेक वेळा निम्मा वेळ चार-पाच टेस्ट किंवा एखादं फिक्श्चरच खात असतं. पासवर्डचं हॅशिंग, दर टेस्टला नव्याने बांधलेला डेटाबेस, असं काहीतरी. ते दुरुस्त केल्यावरच ‘एक्सडिस्ट’ प्लगइन लावा. ‘-एन ऑटो’ म्हणजे प्रोसेसरच्या कोअरइतके वर्कर. प्रत्येक वर्कर वेगळी प्रोसेस असते, म्हणून प्रत्येकाला वेगळा डेटाबेस हवा. वर्करचं नाव जीडब्ल्यू०, जीडब्ल्यू१ असं मिळतं, तेच डेटाबेसच्या नावाला जोडा. पोर्ट नंबर पक्का लिहू नका, शून्य पोर्ट मागितला की ऑपरेटिंग सिस्टिम मोकळा देते. एका फाइलमधल्या टेस्ट एकाच वर्करकडे ठेवायच्या तर ‘--डिस्ट लोडफाइल’.

८ जीबीच्या मशीनवर ब्राउझरच्या टेस्ट ‘ऑटो’ने चालवू नका. प्रत्येक क्रोम काहीशे एमबी खातो, आणि मग तो १३७ भेटतो. ‘-एन २’ पुरे. डॉकरमध्ये क्रोम मध्येच मरत असेल तर सामायिक मेमरीची डिफॉल्ट मर्यादा ६४ एमबी असते, ‘--एसएचएम-साइझ’ने ती वाढवा.

लाइट जाते तेव्हा

ज्यांनी ही साधनं बनवली त्यांनी वीज असते हे धरून बनवली आहेत, आपल्याला तसं धरता येत नाही. अचानक वीज गेली तर पायटेस्टमध्ये नेमकं काय हरवतं ते आधी पाहा. ‘--एलएफ’ची यादी आणि जेयुनिट पद्धतीची, निकाल साठवणारी एक्सएमएल फाइल, दोन्ही सेशनच्या शेवटी लिहिल्या जातात. ७९० टेस्ट होऊन वीज गेली तरी दोन्हीत काही नाही. ‘टी’ने लिहिलेला लॉग मात्र बऱ्यापैकी शिल्लक असतो. म्हणून रात्री ‘-व्ही’ने दर टेस्टची एक ओळ छापू द्या, निदान कुठपर्यंत आलो होतो ते कळतं. शिवाय सूटचे तीन-चार भाग करा: हिशेब, डेटाबेस, छपाई, ब्राउझर. प्रत्येक भागाची वेगळी कमांड, वेगळी एक्सएमएल. एक भाग गेला तरी आधीचे निकाल हाती राहतात. छोट्या इन्व्हर्टरवर मशीन तग धरत असेल तर आधी हिशेबाचा भाग चालवा, तोच सगळ्यात मोलाचा.

याहून महत्त्वाचं म्हणजे मागे राहिलेला कचरा. टेस्टनंतरची आवराआवर, म्हणजे टीअरडाउन, वीज गेल्यावर होतच नाही. म्हणून साफसफाई सुरुवातीला करा: टेस्ट डेटाबेस असेल तर पाडा, नवा बांधा, मग चालवा. शेवटी केलेली साफसफाई हा शिष्टाचार आहे, भरवसा ठेवायचा तो सुरुवातीच्या साफसफाईवर. जँगोचा (पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कचा) स्वतःचा टेस्ट रनर वापरत असाल तर हे फार टोचतं. मागचा अर्धवट टेस्ट डेटाबेस सापडला की तो ‘पुसू का?’ असं विचारतो, क्रॉनमध्ये उत्तर द्यायला कुणी नसतं आणि रन तिथेच पडतो. ‘--नोइनपुट’ दिलं की न विचारता पुसतो. प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळून शेवटी रोलबॅक (रद्द) केली तर पोस्टग्रेससारखा डेटाबेस वीज गेल्यावरही अर्धवट नोंदी ठेवत नाही. तात्पुरत्या फाइलींसाठी पायटेस्टचं ‘टीएमपी_पाथ’ फिक्श्चर वापरा. ते दर वेळी नवं फोल्डर देतं आणि जुन्यांतली शेवटची तीनच ठेवतं.

वीज गेली की राउटरही जातो, आणि परत आल्यावर नेट यायला वेळ लागतो. रात्रीच्या रनमध्ये पिपने काहीही डाउनलोड करू नका. ‘पिप डाउनलोड’ने सगळी पॅकेज एका फोल्डरमध्ये आणून ठेवा आणि ‘--नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स’ने तिथूनच बसवा. टेस्ट चोरून बाहेर जातायत का हे ‘पायटेस्ट-सॉकेट’ प्लगइनच्या ‘--डिसेबल-सॉकेट’ने लगेच कळतं. एसएमएस पाठवणारी किंवा जीएसटी पोर्टलला विचारणारी टेस्ट अशीच पकडली जाते. मशीनच्या बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर सुरू हो’ अशी सेटिंग असते, तीही लावून ठेवा.

क्रॉनची स्क्रिप्ट

क्रॉनला तुमचं एन्व्हायर्नमेंट मिळत नाही. पाथ तोकडा असतो, प्रोफाइल फाइल वाचली जात नाही, चालू फोल्डर होम असतं. म्हणून स्क्रिप्टमध्ये आधी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जा, ते जमलं नाही तर तिथेच थांबा, आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथनचा पूर्ण पाथ लिहा. ‘अॅक्टिव्हेट’ करायची गरज नाही. क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह थेट लिहू नका, क्रॉन त्याचं नव्या ओळीत रूपांतर करतो. लॉगच्या नावात तारीख हवी तर ती स्क्रिप्टच्या आत घाला.

अडकलेल्या रनसाठी ‘टाइमआउट’ कमांड आहे, पण ती नुसती वापरू नका. डिफॉल्टने ती टर्मिनेट सिग्नल पाठवते, त्याने पायथन जागच्या जागी मरतो. ना टीअरडाउन, ना एक्सएमएल. ‘टाइमआउट --सिग्नल=इंट --किल-आफ्टर=६० ४५एम’ असं लिहा. मग ४५ मिनिटांनी पायटेस्टला कंट्रोल-सी दाबल्यासारखं वाटतं, तो झालेल्या टेस्टचा निकाल लिहून बाहेर पडतो. ६० सेकंदांत तेही झालं नाही तरच मारलं जातं. वेळ संपल्याचा आकडा १२४ येतो. कोणती टेस्ट अडकली हे कळायला सेटिंगमध्ये ‘फॉल्टहँडलर_टाइमआउट = १२०’ टाका. दोन मिनिटांहून जास्त लागलं की सगळ्या थ्रेड कुठे थांबल्यात ते छापलं जातं.

कालचा रन चालू असताना आजचा सुरू होऊ नये म्हणून ‘फ्लॉक -एन’ ही कुलूप लावणारी कमांड. यात एक बारकी अडचण आहे. कुलूप मिळालं नाही तर फ्लॉक १ देतो, आणि पायटेस्टचा १ म्हणजे टेस्ट फेल. दोन्ही मिसळतात. ‘-ई ७५’ असं देऊन वेगळा आकडा ठरवा (इथला ई कॅपिटल), म्हणजे निरोप पाठवणाऱ्या ओळीला ‘टेस्ट पडल्या’ आणि ‘रन झालाच नाही’ यांतला फरक कळेल. सकाळी आठपर्यंत निकालाची नवी फाइल आलीच नाही तर तोही निरोप गेला पाहिजे. बंद पडलेलं मशीन स्वतःहून काही कळवू शकत नाही, तेव्हा ही तपासणी दुसऱ्या मशीनवर ठेवा.

देवनागरी डेटा आणि लॉग

व्यापाऱ्यांची, गावांची नावं मराठीत असतात, तेव्हा हेही येणारच. विंडोजवर टेस्ट स्क्रीनवर पास होते आणि ‘> लॉग.टेक्स्ट’ लावलं की युनिकोड एन्कोड एरर देते. कारण असं, की पायथन ३.६ पासून कन्सोलवर युनिकोड नीट लिहितो, पण आउटपुट फाइलकडे वळवलं की विंडोजचं जुनं कोडपेज वापरतो, आणि त्यात ‘चाळीसगाव’ मावत नाही. ‘पायथनयूटीएफ८=१’ हे व्हेरिएबल लावा, आणि कोडमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग स्पष्ट लिहा.

दुसरं प्रकरण ‘ऱ’चं. ‘चौधऱ्यांचं’ किंवा ‘व्यापाऱ्याला’ यातला ऱ एका कोडपॉइंटने लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता अशा दोनांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, तुलनेत वेगळे निघतात. टेस्ट फेल होते आणि फरक दाखवणाऱ्या दोन ओळी हुबेहूब सारख्या. असं दिसलं की ‘-व्हीव्ही’ वापरूनही उपयोग नाही. दोन्ही स्ट्रिंग पायथनच्या ‘अॅस्की’ फंक्शनमधून छापा, कोडपॉइंट समोर येतात. उपाय टेस्टमध्ये नको, प्रोग्राममध्ये हवा: नाव आत घेतानाच एनएफसी (युनिकोडने ठरवलेल्या) पद्धतीने एकसारखं करून घ्या. नाहीतर एकाच व्यापाऱ्याची दोन खाती होतील आणि उधारी दोन्हीकडे वाटली जाईल.

टीममध्ये कुणी दुसऱ्या भाषेत काम करत असेल तर एवढं लक्षात ठेवा. ग्रेडल (जावाचं बिल्ड साधन) बदल नसेल तर टेस्ट पुन्हा चालवतच नाही, सक्तीने चालवायच्या तर ‘--रीरन-टास्क्स’. गो ही भाषा पास झालेला निकाल कॅशमधून दाखवते, त्यासाठी ‘-काउंट=१’. मेव्हनला (जावाचंच दुसरं साधन) ‘-बी’ (बी कॅपिटल) द्या म्हणजे तो मध्ये प्रश्न विचारत नाही. एनपीएममधून आतल्या रनरला ऑप्शन द्यायचा तर आधी मोकळे दोन डॅश लागतात. पहिल्या दोन गोष्टी रात्रीच्या रनमध्ये विशेष जपा, कारण घड्याळ किंवा डेटाबेस बदलला तरी या साधनांच्या लेखी सोर्स तोच असतो, आणि कालचाच हिरवा निकाल आजचा म्हणून समोर येतो.